न धुतलेला बांबू

"सात हात पानी हाये, भागरता! उसालेही पुरते, धानालेही पुरते. घरी जाय."

"सात हात पान्यात मी कवाच बुडाली असती, झिंगऱ्या! परवा तेथीच गुडघाभर गाळात उभी राहून शिंगाडे तोडले. पानी गळ्याच्या वर नव्हतं!"

पाहुण्यांनो, तुम्ही उभे आहात त्याच तलावाच्या पाळीवर, या काठावर, हे भांडण झालं, असं सांगतात. झिंगरू हा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी मोजून शेताशेतांत सोडणारा. भागरता विधवा, तिचा बांध, म्हणजे धानाचं शेत, सगळ्यात शेवटी, पाणी पोचायचं तेही शेवटीच. त्या साली पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. धान लोंबीवर आलेलं. आणि मालगुजाराला, गावाच्या मालकाला, आधी आपला ऊस भिजवायचा होता.

पाणकर तलावात बांबू खुपसायचा, ओल्या खुणेपर्यंत हात मोजायचा, आणि हंगामाला पाणी किती पुरेल ते सांगायचा. पण मालगुजारापुढे घाणेरडा बांबू कसा न्यायचा? म्हणून हा गृहस्थ बांबू स्वच्छ धुऊन नेई. गाळाची खूण धुतली जाई आणि गाळासकट सगळी ओल पाणी ठरे. लबाड असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. हा नुसता अदबशीर! मला अशा माणसांची शिसारी येते. आता कचेरीतून तलावाच्या पाण्याच्या हिशेबाचा कागद येतो, त्यातही तळाचा गाळ पाणी म्हणूनच धरलेला असतो, आणि आणणाऱ्याच्या चपलेला चिखलाचा ठिपका नसतो.

झिंगरूच्या हातचा बांबू हिसकून भागरता म्हणे लुगड्यानिशी तलावात उतरली आणि तो तळापर्यंत खुपसला. बाहेर आली ती पायांना जळवा लागलेल्या, अंगाला कुजक्या शेवाळाचा वास. बांबू तिने तसाच नेऊन मालगुजाराच्या पांढऱ्या गादीवर आडवा टाकला. लोकांनी मोजलं. पाच हात काळा, दोन हात ओला. दोन हातांत ऊस भिजवला असता तर खालच्या सगळ्या बांधांवर पळंजच, दाणा न भरलेलं पोकळ धानच, उरलं असतं.

तरीही मालगुजार म्हणाला, "पान्यात थोडा गाळ असतेच."

त्या साली ऊस वाळला, धान पिकलं. आजही आमच्याकडे पोळ्यानंतर बांबू न धुता देवळात आणतात. पाहुण्यांनी नाकाला पदर लावला तरी चालेल, बांबू धुवायचा नाही. कारण भागरताने त्यावरचा काळा गाळ तांब्यात निपटून घेतला, तांब्या मालगुजाराच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली,

"पानीच हाये ना मालक, तर आधी तुमी प्या, मंग उसाले पाजा."