नगराध्यक्षांचा फुकट पास

पेठेतली टॉकीज बंद पडून तिथे पारवे नांदत होते. हौसाक्काच्या बचत गटाने ती भाड्याने घेतली, छताचे पत्रे काढून ऊन आत आणलं आणि खालच्या खुर्च्या हलवून वाफे केले. तिकीट खिडकीतून मेथी-पालक विकला जाऊ लागला.

एके सकाळी नगराध्यक्ष भगवंतराव दोन रिकाम्या पिशव्या घेऊन हजर झाले.

"हौसाक्का, या टॉकीजचा आम्हाला कायमचा फुकट पास होता. तोच मान पुढे चालवा. रोज दोन पिशव्या भाजी द्या, नाहीतर पाण्याचा नळ आमच्या हातात आहे!"

बायकांचे चेहरे उतरले. हौसाक्काने मात्र हात जोडले. "तुमचा पास कोण मोडेल, साहेब? चला वर."

बाल्कनीतली त्यांची जुनी खुर्ची तिने पदराने पुसली. "बसा. इथून सगळी भाजी दिसते. पोटभर बघा."

"बघू काय? घरी न्यायचीय मला!"

"साहेब, पास बघण्यापुरता असतो. इतके सिनेमे फुकट बघितलेत, एकदा तरी हिरॉइन पिशवीत घालून घरी नेलीत का?"

खाली असा हशा पिकला की भगवंतरावांनाही हसू आवरेना. ते जिना उतरले आणि जन्मात पहिल्यांदाच त्या टॉकीजच्या तिकीट खिडकीपुढे रांगेत उभे राहिले.