ठिपकीची साखर आणि चोरटा जंतू

बोरीच्या पानावर होता एक सुरवंट. कुरुम कुरुम पान खायचा. त्याचं रक्त लाल नाही, हिरवट. त्या रक्तात राहायची ठिपकी. इवलीशी पेशी. डोळ्यांना दिसणारही नाही.

एकदा काय झालं, सुरवंटाला काटा लागला. टच्च. पडलं भोक. भोकातून आत आला एक चोरटा जंतू. आला तो आला, ठिपकीचा साखरेचा कण उचलला. गट्टम.

ठिपकी म्हणाली, "माझी साखर."

जंतू म्हणाला, "होती."

ठिपकी निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. वाटेत भेटला गिळ्यादादा. जंतू गिळणं हेच त्याचं काम. तो फार कामात होता. घोरत होता.

"चोरटा जंतू साखर खातो. गिळ्यादादा, जंतूला गिळ ना."

"पळता घास मी गिळत नाही. आधी काळूकाकांना काळा लेप लावू दे."

वा. काय शिस्त.

तोवर एका जंतूचे झाले दोन.

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. काळूकाका लेपाची पिशवी पोटाशी धरून बसले होते. कुणी मागेल म्हणून.

"चोरटा जंतू साखर खातो. गिळ्यादादा गिळत नाही. काळूकाका, लेप लावा ना."

"वळवळत्याला लेप लागतो का? आधी चरबीमामीला कडू काढा करू दे."

वा. काय हुशारी.

तोवर दोनाचे झाले चार.

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. चरबीमामी गुबगुबीत. सगळी औषधं तिच्याकडे. ती फार दमली होती. कशानं, ते तिलाही माहीत नव्हतं.

"चोरटा जंतू साखर खातो. गिळ्यादादा गिळत नाही. काळूकाका लेप लावत नाहीत. चरबीमामी, काढा कर ना."

"करीन गं. पण पोचवायचा कुणी? आधी धुकधुकरावांना रक्त ढकलू दे."

वा. काय काळजी.

तोवर चाराचे झाले आठ. सुरवंटाचं कुरुम कुरुम थांबलं.

ठिपकीला रडू आलं. तरी निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. धुकधुकराव म्हणजे सुरवंटाचं हृदय. पाठीत लांबलचक पसरलेले. आरामात.

"चोरटा जंतू साखर खातो. गिळ्यादादा गिळत नाही. काळूकाका लेप लावत नाहीत. चरबीमामी काढा करत नाही. धुकधुकराव, रक्त ढकला ना."

"ढकलीन की. पण आधी..."

धुकधुकरावांनी पुढे पाहिलं. मागे पाहिलं. नाव घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

इतक्यात आठही जंतू त्यांच्याच दारात आले. टक टक.

"इथे साखर आहे का?"

आता मात्र धुकधुकरावांना काम आठवलं. धुक धुक, धुक धुक. रक्त ढकललं.

रक्त वाहिलं, मामीनं काढा केला.
काढा पोचला, जंतू झिंगले.
जंतू झिंगले, काकांनी लेप लावला.
लेप लागला, जंतू चिकटले.
जंतू चिकटले, गिळ्यादादानं गिळले. गट्टम, गट्टम, गट्टम.

उरलेला लेप काकांनी भोकावर थापला. भोक बंद. सुरवंट परत पान खाऊ लागला. कुरुम कुरुम.

ठिपकी म्हणाली, "माझी साखर."

मामीनं आपल्या साठ्यातून काढून दिली. भला मोठा कण.

मग सगळे बोलू लागले.

"रक्त मी ढकललं."

"काढा माझा."

"लेप कुणाचा?"

"गिळलं कुणी?"

आणि सगळे ठिपकीकडे वळले. "तू गं काय केलंस?"

ठिपकीच्या तोंडात साखर होती.