हाताला वळण

एका गावात एक भोळा जावई होता. लांब शोधायला नको, तो मीच.

माझे सासरे भिकोबा तांबट. त्यांना मुलगा नव्हता. ते म्हणाले, "जावईबापू, आठ दिवसांत हात बसला तर दुकान तुमचं. नाहीतर तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा." माझ्या बायकोने, सगुणाने, त्याच दिवशी नवस बोलला.

पहिल्या सकाळी सासऱ्यांनी तांब्याचा पत्रा पुढ्यात ठेवला. "ठोका." पत्र्याला लागेल म्हणून मी हातोडा अलगद टेकवला.

"अहो, हात खांद्यापासून उचला आणि दणका द्या!"

बरं, म्हटलं. खांद्यापासून.

संध्याकाळी सासूबाईंनी थालीपिठाचा गोळा माझ्याकडे सरकवला. "एवढं थापा, मी चूल बघते." मी हात खांद्यापासून उचलला आणि दणका दिला. अर्धं थालीपीठ भिंतीला, उरलेलं सासूबाईंच्या कपाळाला.

"पाण्याचा हात लावायचा," त्या कपाळ पुसत म्हणाल्या, "आणि हलकेच थापटायचं."

मला पटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हैस अंगणाच्या कठड्यावरून डोकं घालून सांडगे खाऊ लागली. "अहो, तिला आवरा!" सगुणा आतून ओरडली. मी पाण्याचा हात लावला आणि म्हशीला हलकेच थापटलं. तिला ते आवडलं. तिने पापडही खाल्ले.

सगुणा धावत आली. "असं काय करता! कठड्यावर डोकं दिसलं रे दिसलं, की दोन्ही हात वर करायचे आणि हुर्र करून ओरडायचं!"

हे सोपं होतं. मी झोपेपर्यंत घोकलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून नवी घागर विहिरीत पडली. पाणी कमरेएवढंच होतं. सासरे दोर बांधून उतरले. दुसरं टोक माझ्या हातात. घागर सापडली. "ओढा!" मी ओढू लागलो. झटका नाही, ढिलाई नाही. खालून ते म्हणाले, "शाब्बास! बसला की हो हात तुमचा!"

मला भरून आलं. तेवढ्यात विहिरीच्या कठड्यावर डोकं दिसलं.

दोन्ही हात वर. हुर्र!

धबाक.

सासरे गेले, घागर गेली, दोरही गेला. सगुणा गोठ्यातून दुसरा दोर घेऊन आली आणि तो माझ्या हातात कोंबून माणसं बोलवायला पळाली.

"जावईबापू," विहिरीतून आवाज आला, "दोर टाका! लवकर!"

आता मात्र मी चुकणार नव्हतो. सबंध दोर टाकला. दोन्ही टोकांसकट.