सगुणाची चिमूट

फार वर्षांपूर्वी, किती ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, माणदेशातल्या करंजवाडीत एक चोर शिरला होता, असं म्हणतात.

ही मेंढपाळांची वाडी. जत्रेच्या बाजाराआधी कोकरांना रानात सोडायचं नाही, मेंढवाड्यात कोंडून बाजरी नि भुसा पोटभर चारायचा, अशी तिथली रीत. त्या वर्षी मात्र भलतंच झालं. दाणा खाऊनही कोकरं अंग धरेनात, आणि रोज एखाद्याच्या पाठीवरची लोकर गायब! कातरीची खूण नाही, नुसता उघडा चट्टा.

चोरच! दुसरं कोण असणार? वाडीत संशय आला आणि मुक्कामाला राहिला. शेजारी शेजाऱ्याची उशी चाचपू लागला. सासूने सुनेचं माहेरचं गाठोडं सोडून पाहिलं. नवं घोंगडं पांघरून बाहेर पडायची सोय उरली नाही.

शेवटी सगळ्यांची बोटं सगुणाकडे वळली. ही एकटी बाई मागावर घोंगड्या विणायची. लोकर हिच्याइतकी कुणाला लागते? शिवाय ती दिसली की कोकरं धावत येऊन तिचे हात चाटायची. म्हणजे चोराशी त्यांची चांगलीच ओळख झाली होती! तिच्या घराची झडती झाली. काही सापडलं नाही, तेव्हा लोक म्हणाले, बाई भारीच हुशार दिसते.

वाडीचे कारभारी धुळाबापू. त्यांनी ठरवून टाकलं, बाजाराच्या दिवशी सगुणाचा माग मोडायचा आणि तिला वेशीबाहेर काढायचं. माग गेला की तिचं पोटच गेलं.

सगुणा रडली नाही, असं म्हणतात. मला नाही पटत. रडलीच असणार. पण मग भर दुपारी, सगळ्यांदेखत, ती मेंढवाड्यात जाऊन कोकरांमध्ये बसली. कोकरं हात चाटू लागली. एकाला हात मिळेना, तर त्याने शेजारच्याच्या पाठीला तोंड घातलं. सगुणाने त्याला झडप घालून धरलं.

"बापू, माझी झडती घेतलीसा. आता ह्याची घ्या."

"कोकराची? खुळी का काय तू!"

"त्वांड तर उघडा."

बापूंनी जबडा उघडला. आत लोकरच लोकर.

"वढ्यावर लोकर धुती मी. तिथली खारी माती माझ्या हाताला असती. रानात ही पोरं ती चाटत्यात. हितं कोंडल्यावर कुठनं मिळायची? मग एकमेकाला खात्यात."

"मीठ घालतूय की आम्ही!" बापूंचा संशय अजून जाईना.

"त्या मातीत हाय ते मिठात न्हाई, बापू."

तिने माती आणून दाण्यात चिमूटभर मिसळली. चिमूटभरच. जास्त घालणाऱ्याचा ती हात धरायची. पुढे लोकर इतकी दाट आली की कातर अडकायची, असं म्हणतात. ओढ्यात तिने खणलेला खड्डा सकाळी आपोआप भरलेला असायचा, असंही म्हणतात. माग वाचला, सगुणाही राहिली. धुळाबापूंनी तिची माफी मागितली, असं मात्र कुणीच म्हणत नाही.

करंजवाडीत आजही कोंडलेल्या कोकरांच्या दाण्यात सगुणाच्या नावाने चिमूट पडते. आणि कुणाचं काही हरवलं, अगदी पैंजण का असेना, तर कुणावर आळ घेण्याआधी मेंढवाड्यात जाऊन एका कोकराचं तोंड उघडून पाहावं लागतं. कोकराच्या तोंडात पैंजण कुठलं सापडायला! पण तिथवर जाऊन येईस्तोवर ओठांवर आलेलं नाव बहुतेक जण गिळून टाकतात.