पाटोड्यांचं वाचन

"पण मी दिलेलं पुस्तक चुकीचं होतं का, सर?"

"अजिबात नाही."

"मग प्रमिलाताई दुसऱ्याच दिवशी परत का घेऊन आल्या?"

नेहेते सर एका जुन्या पुस्तकाच्या कण्याला खळ लावत होते. 

सर कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर गावातलं वाचनालय सांभाळत होते. हेमराज त्यांचा लाडका विद्यार्थी, आता विद्यापीठात संशोधन करणारा. त्याच्या संशोधनाचं सूत्र असं: टीव्हीवरची मालिका एकच असते, पण बघणारा प्रत्येक जण तिच्यातून आपल्याला हवं ते घेतो. कुणी करमणूक, कुणी सोबत, कुणी नुसता बोलायला विषय. हेच सूत्र त्याने वाचकांना लावलं होतं. वाचकाला चार प्रश्न विचारायचे, त्याची खरी गरज ओळखायची, की संगणक नेमकं पुस्तक शोधून देणार. ही पद्धत तपासायला तो सरांकडे आला होता. तिच्यावर त्याचा जीव होता, आणि थोडा गर्वही.

प्रमिलाताई झोपे नेहमी पाककृतींचंच पुस्तक नेत. हेमराजने विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं?"

"मी अन् आत्याबाई. माझ्या सासूबाई."

"त्या काय खातात?"

"काय खातील, भाऊ... अंथरुणावर आहेत. नाकातल्या नळीतून पेज देते."

संगणकाने आजाऱ्यांच्या आहाराचं पुस्तक सुचवलं. ताई क्षणभर घुटमळल्या आणि घेऊन गेल्या. आज, आत्ताच, त्यांनी ते टेबलावर ठेवलं होतं.

"आत्याबाईंनी तोंडच फिरवलं," एवढंच म्हणून त्या पायऱ्यांकडे वळल्या होत्या.

सर उठले. कपाटातून तेलाचे डाग पडलेलं खानदेशी पदार्थांचं पुस्तक काढून त्यांनी हेमराजच्या हातात दिलं.

"ताई, थांबा. हा येतोय तुमच्याबरोबर. हेमराज, जा. वाचून ये."

"वाचून ये म्हणजे? कुठे?"

सर पुन्हा खळीकडे वळले होते.

प्रमिलाताईंच्या घरी म्हातारी डोळे मिटून पडली होती. ताईंनी खाटेजवळ स्टूल सरकवलं.

"मी रोज वाचते. आज तुम्ही वाचा, भाऊ."

"तुम्ही करता का यातलं काही?"

"छे! त्यांच्यासमोर मी एकटी काय खाऊ?"

हेमराजने मध्येच एक पान उघडलं. पाटोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी निघाली. बातम्या वाचाव्यात तसा तो भराभर वाचू लागला. "बेसनात तिखट, हळद, ओवा, चवीपुरतं मीठ. रश्श्यासाठी कांदा-खोबरं भाजून घ्यावं. नंतर..."

"थांब." म्हातारीचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "भाजू दे."

हेमराज ताईंकडे बघत राहिला. त्यांनी नुसती मान हलवली.

तो थांबला. म्हातारीच्या नाकपुड्या फुलल्या. चादरीवर तिची बोटं हळूहळू फिरू लागली... जणू उलथनं फिरवतेय.

"हां," ती म्हणाली. "आता पुढचं सांग."

तो पुढचं वाचू लागला. या वेळी सावकाश. वाटण परतलं, पाणी घातलं, मीठ घातलं, रस्सा उकळला. एकेक पाटोडी सोडली. झाकण ठेवलं आणि तो आपणहून थांबला. ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी हेमराज वाचनालयात आला, तेव्हा संगणक सुरू न करताच सरांसमोर बसला.

"सर, मी त्यांना सगळं विचारलं होतं. पुस्तकाचं काय करता, एवढं सोडून."

"हं."

"शेवटी आजींनी जिभेने ओठ चाटला. मला वाटलं, आता शाबासकी देणार..."

"मग?"

"म्हणाल्या, बेसनात घातलं होतं तरी रश्श्यात एवढं घातलंस, खारट केलीस भाजी. सर, मी तर नुसतं वाचत होतो!"

सर प्रेमाने हसले.

"पुढच्या वेळी मीठ जपून वाच."