धुरळवाडीची पाळी

त्या राज्यात लोहाराचे भातेच राहत, आणि पोटात वारा खेळतो तोवरच भाता जिवंत, असा तिथला साधा हिशेब होता.

धुरळवाडी हे खाणीकाठचं गाव. तिथला केरबा भाता वीस वर्षं दगडाच्या भुकटीत राबला. आता फुंकर घातली की त्याच्या पोटातून शिट्टी वाजे. गावात डागडुजी करणाऱ्या सुईने बाहेरून दोन टाके घातले, मेण लावलं आणि हात टेकले. ती म्हणाली, "बाबा, धूळ आत घड्यांत बसलीय. घड्या उघडणारे उस्ताद राज्यात एकच, गडावर. थंडीच्या आत गाठ, नाहीतर काही खरं नाही."

गड तीन दिवसांच्या वाटेवर! धाकटी बहीण चांगुणा त्याला घेऊन निघाली. दर चढाला ती थांबायची, शिट्टी ऐकायची. शिट्टी आली की तिला धास्ती वाटे आणि नाही आली की त्याहून जास्त.

गडाच्या दाराला शिंग टांगलेलं होतं. दाराचं कुलूप खेकसलं, "शिंग फुंकेल त्यालाच आत. गावाला वर्षाची एकच पाळी. चला, आटपा!"

केरबाने फुंकलं. शिंग हूं की चूं करेना. दुसऱ्यांदा फुंकताना तो कलंडलाच.

आता धुरळवाडीची रीत अशी की दुखणाईताने थोरामोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, घरच्याने त्याच्या वतीने बोलायचं. चांगुणेला त्यात वावगं ते काय वाटणार? तिने पोटभर वारा घेतला आणि शिंग असं फुंकलं की गड दुमदुमला. दार उघडलं, तिला ओढून आत घेतलं आणि धाडकन मिटलं.

"अहो, मी नव्हे! दादा बाहेर राहिला!"

उस्ताद वाईट नव्हते हो. त्यांनी तिची घडी न् घडी मायेने उघडून पाहिली. "बाहेरचं मला दिसत नाही, बाई. दार आत सोडतं त्यालाच मी बघतो. तुझा वारा मात्र झकास आहे."

"रोग रेड्याला नि औषध पखालीला!" चांगुणा रडतच ओरडली. उस्तादांनी तिच्या कपाळावर लाखेचा शिक्का उठवला: उत्तम. मग भिंतीवरच्या नकाशात धुरळवाडीवर हिरवा ठिपका दिला. नकाशा हिरवागार दिसत होता.

तिला मागच्या दाराने सोडलं. पाळी झालेल्या गावांची मंडळी तिकडेच बसवत, केरबालाही तिथेच आणून टेकवलं होतं. चांगुणा धावत त्याच्याजवळ गेली.

"काय म्हणाले गं?" त्याने कसंबसं विचारलं.

तिने मान वर केली. अंगणभर भाते जोडीजोडीने बसले होते. प्रत्येक जोडीत एक शिट्टी घालत होता आणि त्याला धरून बसलेल्या दुसऱ्याच्या कपाळावर लिहिलं होतं: उत्तम.