धोंडाई आणि लिंबाची सावली

लिंबसरीच्या बाजारात पत्र्याचं एकही छप्पर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. बाजार भरायचा दर गुरुवारी, एका थोरल्या लिंबाखाली. लिंब एवढा पसरलेला, की अख्खा बाजार त्याच्या सावलीत मावायचा, असं म्हणतात. आणि सावली संपायची तिथं एक चर खणलेला होता. चराच्या पलीकडं, तापल्या खडकावर, मातंग वस्तीतल्या बाया केरसुण्या विकायला बसायच्या. त्यांनी चर ओलांडायचा नाही, अशी गावाची रीत होती. गिऱ्हाईक अलीकडून बोट दाखवायचं. बाईनं केरसुणी काठावर ठेवून मागं सरायचं, मग गिऱ्हाईकानं ती उचलायची. दिवाळीला हीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसायची, तिला हळदकुंकू लागायचं. बांधणारी उन्हातच.

त्या बायांत दोघी जावा होत्या. थोरली हौसा आणि धाकटी धोंडा. आज सगळा मुलूख धोंडाईचं नाव घेतो, पण हौसाच्या डोळ्यांत ती उंबरठा ओलांडून आली त्या दिवसापासून सलत होती. हौसाची केरसुणी घट्ट, मूठ रेखीव, शिंदीचं पान न् पान सारखं. धोंडाची ढिली. तरी गिऱ्हाईक धोंडाकडं वळायचं, कारण तिला बोलता यायचं. सासू म्हणायची, "धोंडा घरात नसली की घर सुनं वाटतं." हौसा तिथंच चुलीपाशी बसलेली असायची.

एका चैत्रात ऊन असं पडलं, की उडते पक्षी खाली पडले, असं म्हणतात. भर बाजारात म्हातारी भिवरामावशी खडकावर कोसळली. तिचे ओठ काळे पडले. बाया ओरडल्या, पदरानं वारा घालू लागल्या. धोंडानं मात्र म्हातारीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि चर ओलांडून लिंबाखाली नेऊन निजवलं. बाजाराचा मुकादम काठी घेऊन धावत आला.

"ए, उचल तिला! ही जागा तुमची नाही."

"जागा ऱ्हाऊ द्या तुमची," धोंडा म्हणाली. "आम्ही सावलीत आलोय. सावली सरकंल तसं सरकू."

म्हातारी जगली. वस्तीत रात्रभर धोंडाचंच नाव. हौसा कूस बदलत राहिली. ती मनात म्हणत होती, मावशीच्या शेजारी मी बसले होते. माझा हात आधी का नाही गेला?

पुढच्या गुरुवारी धोंडा केरसुण्या घेऊन थेट लिंबाखाली जाऊन बसली. मुकादमानं तिचा माल चरात फेकला. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती परत आली, तेव्हा त्यानं माल पेटवून दिला. त्या धुराला मोगऱ्याचा वास सुटला होता, असं म्हणतात. हौसा पलीकडं बसली होती. तिला शिंदीच्या पानांचाच वास आला. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं तिनं स्वतःला बजावलं.

असे सात गुरुवार गेले. धोंडा एकटी जायची, एकटी बसायची, मार खाऊन यायची. वस्तीतले बापे हात जोडून म्हणायचे, "बाई, गाव पेटंल." पण पोरं तिच्या नावाची गाणी म्हणू लागली. शेजारच्या गावांतून बाया नुसतं तिला बघायला येऊ लागल्या. एक दिवस हौसाची सख्खी आई चार कोस चालत आली. हौसानं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ पुढं ठेवला. आई गूळ तोंडात टाकून म्हणाली, "आगं, ती धोंडा कुठली? दाव की मला."

हौसा त्या रात्री जेवली नाही.

आठव्या गुरुवारी ती आपल्या केरसुण्यांचा भारा घेऊन निघाली आणि चरापाशी थांबलीच नाही. एवढी कसली मोठी ती! सावलीत बसायला काय अंगात यावं लागतं? तणतणतच ती लिंबाखाली गेली आणि धोंडाच्याही पुढं, अगदी बुंध्याला टेकून बसली. धोंडानं तिच्याकडं पाहिलं.

"या, जाऊबाई," ती म्हणाली आणि थोडी सरकली.

"सरकू नको. मला जागा आहे," हौसा म्हणाली.

मुकादम आला आणि घुटमळला. एकीला वेडी म्हणून हाकलता येतं, दोघींना काय म्हणायचं? तेवढ्यात कुणीतरी दगड भिरकावला. तो हौसाच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवरून ओघळलं. धोंडा पदर फाडून बांधू लागली. हौसानं तिचा हात झटकला, पण पट्टी राहू दिली आणि जागची हलली नाही.

चरापलीकडच्या बाया हे बघत होत्या. त्या दोघींचं पटत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. भिवरामावशी म्हणाली, "ही हौसी जर धोंडीच्या बाजूला बसली, तर त्या बसण्यात काहीतरी खरं असणार." पुढच्या गुरुवारी अकरा जणी चर ओलांडून आल्या. त्या दिवशी लिंबाची सावलीच आपणहून चर ओलांडून त्यांना घ्यायला गेली, असं म्हणतात. हौसा म्हातारी झाल्यावर तिला हे कुणी विचारलं, तर ती चिडायची. "सावली कुठली येतीय! आम्ही उठून गेलो."

मग गावानं वस्तीला वाळीत टाकलं. दुकान बंद, गिरणी बंद, शेतावरचं काम बंद. वस्तीनं भाजीपाला उकडून खाल्ला, कंदमुळं खाल्ली. पण एकीनंही केरसुणी बांधली नाही. आसपासच्या बारा गावांतल्या केरसुण्या बांधणाऱ्या बायांनीही हात आखडता घेतला. पावसाळा गेला, दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला, तोही गुरुवारचा, आणि लिंबसरीत एकाही घरात नवी केरसुणी नव्हती. पाट मांडलेले, लक्ष्मीची जागा रिकामी.

दुपारी पाटलाची म्हातारी आई काठी टेकत लिंबाखाली आली. तिथं सगळ्या बाया रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. म्हातारी त्यांच्यातच खाली बसली. बाजार बघत राहिला.

"धोंडा," ती म्हणाली, "चर बुजवायला माणसं लावलीत मी. पोराला सांगून आले, आडवा येऊ नको. आता एक केरसुणी बांधशील का? माझ्या हातात दे. खाली ठेवू नको."

हौसानं मान फिरवली. म्हातारीच्या तोंडीसुद्धा तेच नाव!

धोंडा म्हणाली, "पाटलीणबाई, आमच्या जाऊबाईंकडनं घ्या. माझी ढिली असते. यांच्यासारखी बारा गावांत कुणी बांधत नाही."

हौसाचा संताप संताप झाला. वीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं, आणि तेही या बाईनं दान दिल्यासारखं द्यावं! पण पोरी धावत जाऊन शिंदीची पानं घेऊन आल्या, आणि हौसाचे हात चालू लागले. तिनं अशी केरसुणी बांधली, की तिच्या मुठीतून उजेड पडत होता, असं म्हणतात. ती तिनं पाटलीणबाईच्या हातात दिली. हाताला हात लागला. संध्याकाळपर्यंत चर बुजला.

पुढं राज्य बदललं, कायदा झाला. सरकारी साहेबानं लिंबाखाली उभं राहून तो वाचून दाखवला, की बाजार सगळ्यांचा. धोंडा तोवर वारली होती. तिचं सुतक फिटेपर्यंत हौसानं शिंदीच्या पानाला हात लावला नाही. नंतर कुणी धोंडाईची थोरवी सांगू लागलं, की ती म्हणायची, "भाकरी करपवायची ती." आणि उठून आत जायची.

आजही लिंबसरीच्या बाजारात कुणी नवी बाई विकायला आली, कुठल्याही जातीची, कुठल्याही गावची, तर तिला बुंध्याजवळ बसवतात. मग एक जुनी बाई आपलं दुकान सोडून येते आणि पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहते. याला 'धोंडाई बसवणं' म्हणतात. शेजारी बसणारीला काही नाव नाही. पण ती आल्याशिवाय त्या गुरुवारी कुणी तराजू उचलत नाही.